संकुचित अक्षर: उन्मादावरील औषधांपासून उद्भवलेल्या चलनविकारांचा इतिहास

हस्तलिखितांच्या संग्राहकांस अक्षराच्या वळणावरून लेखकाची व काळाची परीक्षा करण्याची संवय असते. एकाच लेखकाचें अक्षर आरंभीं ठसठशीत व पुढें बारीक आणि दाटलेलें आढळलें, म्हणजे आपण बहुधा तीन कारणें सांगतों: कागद अपुरा पडला, लेखक थकला, किंवा तो वृद्ध झाला. या तिहींवांचून चौथें एक कारण संभवतें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कागदांस तें विशेषेंकरून लागू पडतें. तें कारण म्हणजे लेखकास त्या वेळीं मिळत असलेलें औषध. हें साधार दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विषयाकडे मी वळलों तो घरच्याच एका दप्तरामुळें. माझे थोरले चुलते मोडी व बाळबोध या दोन्ही वळणांत तरबेज होते. इ.स. १९७१ मध्यें त्यांस उन्मादाचा विकार जडला व एका शहरांतील रुग्णालयांत त्यांचेवर उपचार सुरू झाले. त्यांनीं वडिलांस पाठविलेलीं पोस्टकार्डें आमचे घरीं तारीखवार बांधून ठेविलेलीं आहेत. आजारापूर्वींच्या कार्डांवर एका बाजूस अकरा-बारा ओळी आहेत. १९७३ च्या कार्डांवर एकोणीस ते एकवीस ओळी असूनही निम्मी जागा कोरी आहे, आणि प्रत्येक ओळ उजवीकडे जातां जातां बारीक होत गेली आहे. १९७६ च्या पावसाळ्यानंतर अक्षर पुन्हां मोठें होतें. कागदाची टंचाई किंवा वार्धक्य हें कारण असतें तर अक्षर परत मोठें झालें नसतें. त्यांच्याच वहीच्या मागील पानावर औषधाच्या मात्रा टिपलेल्या आहेत. १९७६ च्या आषाढांत मात्रा निम्मी केल्याची नोंद तेथें सांपडते. दोन स्वतंत्र कागद एकमेकांस पुष्टि देतात, तेव्हां तो योगायोग समजून सोडून देणें संशोधकास शोभत नाहीं.

आतां या औषधांचा मूळ वृत्तांत पाहूं. त्याचे दोन प्रवाह आहेत. एक आपल्या देशांतून निघालेला व दुसरा फ्रान्सांतून.

पहिला प्रवाह सर्पगंधेचा. सर्पगंधा हें नांव प्राचीन वैद्यकग्रंथांत येतें, परंतु त्या नांवाची वनस्पति आजचीच होय, असें प्रत्येक स्थळीं खात्रीनें म्हणतां येत नाहीं. निघंटूंतील नांवें एकाहून अधिक वनस्पतींस लागलेलीं असतात, हें या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ इ.स. १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. त्यांत सर्पदंशावरील ‘सर्पकाष्ठा’चें वर्णन असून त्याच्या प्रकारांपैकीं एक सर्पगंधा असावा, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. पाश्चात्य वनस्पतिशास्त्रांत या कुलास जें नांव मिळालें, तें प्ल्युमिये या फ्रेंच पंडितानें १७०३ मध्यें ऑग्सबर्गच्या लिओनहार्ट राउवोल्फ या वैद्याच्या स्मरणार्थ दिलें. राउवोल्फ पूर्वेकडे पुष्कळ हिंडला, पण हिंदुस्थानांत कधीं आलाच नाहीं. नांव व वस्तु यांची फारकत ती ही!

बिहारांत या मुळीस लोक ‘पागल की दवा’ म्हणत. या लोकव्यवहाराची शास्त्रीय नोंद कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें केली. वेड व रक्तदाब या दोहोंवर या मुळीचा उपयोग होतो, आणि वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसांतून दोन वेळां दिलें असतां झोंप येऊन रोग्याचा आवेग कमी होतो, असा त्यांच्या निबंधाचा आशय आहे. ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते ते हेच गणनाथ सेन. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुज्जमां सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं या मुळींतून पांच क्षारतत्त्वें वेगळीं काढिलीं व त्यांपैकीं कांहींस हकीम अजमलखान यांचें नांव जोडिलें. पुढें १९४९ मध्यें मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव विलायतेंतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि ही मुळी जगाच्या नजरेस आली. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझल येथें सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर व बाइन यांनीं तिच्यांतून रिसर्पीन हें तत्त्व काढिलें. बाजारांत तें ‘सर्पासिल’ या नांवानें आलें. १९५४ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाची हकीकत प्रसिद्ध केली.

दुसरा प्रवाह फ्रान्सांतील. पॉल शार्पांतिये यानें १९५० च्या डिसेंबरांत क्लोरप्रोमाझीन हें द्रव्य तयार केलें. लाबोरी या शस्त्रवैद्यानें शस्त्रक्रियेच्या प्रसंगीं तें वापरून पाहिलें, तेव्हां रोगी जागा असून उदासीन होतो असें त्यास दिसलें. १९५२ मध्यें पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयांत डिले व डेनिकेर यांनीं तें उन्मत्त रोग्यांस दिलें. ज्यांस बांधून ठेवावें लागे असे रोगी शांत होऊन बोलूं लागले. ही गोष्ट लहान नव्हे. या औषधांच्या दोषांचा इतिहास लिहितांना गुणांचा विसर पडणें म्हणजे एकाच पक्षाचे कागद पाहून निवाडा देण्यासारखें आहे.

दोष मात्र लौकरच दिसूं लागले. लोझान येथील हान्स स्टेक यांनीं १९५४ मध्यें लिहिलेल्या निबंधाच्या मथळ्यांतच क्लोरप्रोमाझीन व सर्पासिल या दोन्ही औषधांचा एकत्र निर्देश आहे. रोग्यांचें अंग ताठणें, चेहरा निर्विकार होणें, हात कांपणें, पावलें घासत चालणें, अशीं लक्षणें त्यांनीं नोंदविलीं. हीं लक्षणें जेम्स पार्किन्सन यानें १८१७ मध्यें वर्णिलेल्या, व ज्यास आपण कंपवात म्हणतों त्या, विकाराचींच होत. येथें ध्यानांत धरावयाचें तें हें कीं, रासायनिक दृष्ट्या अगदीं भिन्न अशीं दोन द्रव्यें, एक मुळीपासून व एक प्रयोगशाळेंत निपजलेलें, एकच विकार उत्पन्न करीत होतीं. अन्वयव्यतिरेकाचा न्याय जाणणाऱ्यास यावरून पुढील शोधाची दिशा दिसावी.

दुसरें लक्षण अस्वस्थतेचें. रोगी एका जागीं बसूं शकत नाहीं. उठतो, फेऱ्या घालतो, पाय हलवितो. या लक्षणास जें नांव आहे तें ग्रीक असून त्याचा अर्थ ‘न बसणें’ एवढाच आहे; संस्कृतांत ‘अनासन’ म्हटल्यास शोभेल. हें नांव प्रागच्या हास्कोवेक यानें १९०१ मध्यें, म्हणजे या औषधांच्या अर्धशतक आधीं, दिलेलें आहे. जुनें नांव नव्या कारणास लागलें. हें लक्षण मूळ रोगाचीच वाढ समजून औषधाची मात्रा वाढविली जाई, व मात्रा वाढतांच लक्षण वाढे, असा घोटाळा अनेक ठिकाणीं झाला.

आतां अक्षराकडे वळतों. कंपवाताच्या रोग्याचें अक्षर लहान होतें हें वैद्यांस माहीत होतें. जर्मन वैद्य हान्स-योआखिम हासे यानें या गोष्टीचा चतुराईनें उपयोग केला. रोग्याकडून तो ठराविक मजकूर वरचेवर लिहवून घेई व कागद तारीखवार ताडून पाही. मात्रा वाढतां वाढतां ज्या दिवशीं अक्षर आकुंचन पावूं लागे, ती त्या रोग्यापुरती औषधाची सीमा. या सीमेवर औषध लागू पडतें. तिच्या पलीकडे जाऊन अंग ताठेपर्यंत औषध देण्यांत अधिक गुण नाहीं, असें त्याचें मत होतें. आपण पोथ्यांची वळणें ताडतों, हासेनें रोग्यांचीं ताडलीं, साधन एकच.

हासेच्या मताचा पूर्वार्ध लोकांनीं उचलला व उत्तरार्ध सोडला. डिले व डेनिकेर यांनीं या औषधवर्गास ‘न्यूरोलेप्टिक’, म्हणजे मज्जातंतूंस धरणारें, असें नांव दिलें, व चलनविकार उत्पन्न करणें हें या वर्गाच्या लक्षणांतच गणलें. त्यावरून अनेकांची अशी समजूत झाली कीं, अंग ताठल्याखेरीज औषध लागलेंच नाहीं. बेल्जियमांत पॉल यान्सेन यांनीं १९५८ मध्यें तयार केलेलें हॅलोपेरिडॉल हें अधिक तीव्र औषध आल्यावर मात्रा वाढतच गेल्या. ही समजूत किती दृढ होती याचें गमक म्हणजे क्लोझापीन. त्याच दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडांत तयार झालेल्या या औषधानें अंग ताठत नसे, म्हणून तें खरें औषध असेल कीं नाहीं असा संशय घेतला गेला. १९७५ मध्यें फिनलंडांत त्यानें रक्तांतील श्वेतपेशी नष्ट होऊन मृत्यु ओढवल्यामुळें तें मागें पडलें, आणि १९८८ मध्यें जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इतर औषधांस दाद न देणाऱ्या रोग्यांवर त्याचा गुण सिद्ध केला, तेव्हांच पुन्हां पुढें आलें. लक्षणास लक्ष्य समजण्याची चूक तीस वर्षें टिकली.

आतां कारणमीमांसा. आर्विद कार्लसन या स्वीडिश संशोधकानें १९५७ मध्यें सशांस रिसर्पीन दिलें. ते निश्चेष्ट पडले. नंतर लेव्होडोपा हें द्रव्य देतांच ते पुन्हां हिंडूं लागले. मेंदूंतील डोपामिन या द्रव्याचा सांठा रिसर्पीन रिता करतें, व तो रिता झाला कीं हालचाल थांबते, हें त्यावरून निष्पन्न झालें. १९६० मध्यें व्हिएन्नांत एरिंगर व हॉर्निकीविच यांस कंपवातानें मेलेल्यांच्या मेंदूंत याच द्रव्याची उणीव आढळली. क्लोरप्रोमाझीन सांठा रिता करीत नाहीं. तें डोपामिनचीं ग्रहणस्थानें अडवून धरतें. एकानें कोठार लुटलें, दुसऱ्यानें दारें लाविलीं. घरांत उपासमार सारखीच. कार्लसन यांस या कार्याबद्दल २००० मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

येथें आपल्या मंडळींत वारंवार ऐकूं येणाऱ्या एका मताचा परामर्श घेणें अवश्य आहे. आत्मगुप्ता, म्हणजे आपली खाजकुइली, हिच्या बियांत लेव्होडोपा आहे, हें मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ मध्यें दाखविलें. वेपथूचें वर्णन वातव्याधींत आहे, आत्मगुप्ताही ग्रंथांत आहे. तेव्हां प्राचीनांस हें सर्व ज्ञात होतें, असें कित्येक म्हणतात. मीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. प्राचीनांविषयींचा माझा आदर कोणाहून उणा नाहीं. परंतु वनस्पति ठाऊक असणें एक, तिचा गुण ठाऊक असणें दुसरें, आणि गुणाचें कारण ठाऊक असणें तिसरें. पहिल्यावरून तिसरें सिद्ध होत नाहीं. सेन व बोस यांची नोंद मोलाची ठरली ती त्यांनीं मात्रा व परिणाम लिहून ठेविले म्हणून. केवळ प्राचीनत्वाचा दाखला दिला असता तर ती नोंद कोणी वाचलीही नसती.

आतां सर्वांत दुःखद भाग. १९५७ मध्यें शोनेकर या जर्मन वैद्यानें कांहीं वृद्ध रोग्यांत ओठांची व जिभेची एकसारखी चाळवाचाळव पाहिली, आणि औषध थांबविल्यावरही ती थांबली नाहीं असें लिहिलें. १९५९ मध्यें पॅरिसच्या सिगवाल्ड प्रभृतींनीं तसेंच लिहिलें. १९६० मध्यें डेन्मार्कच्या उरब्रांड व फाउरबाय यांनीं असें नोंदविलें कीं, ही हालचाल कित्येकदां औषध कमी करतांच उघड होते. १९६४ मध्यें फाउरबाय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’, म्हणजे उशिरा उमटणारा चलनविकार, असें नांव दिलें. नोंदी जर्मन, फ्रेंच व डेन्मार्ककरांच्या हातच्या असून अमेरिकेंत त्यांची दखल घेण्यास वेळ लागला. जॉर्ज क्रेन यांनीं तेथें वर्षानुवर्षें कंठशोष केला; १९७३ मध्यें सरकारी औषधखातें व विद्वत्परिषद यांच्या संयुक्त समितीनें हा विकार मान्य करून इशारा दिला. पहिल्या नोंदीपासून मोजतां सोळा वर्षें झालीं होतीं. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढ रोग्यांपैकीं दरवर्षीं शेंकडा सुमारें ५ जणांस हा विकार नव्यानें जडतो, व वृद्धांत हें प्रमाण याहून पुष्कळ अधिक असतें, असें पुढील पाहण्यांत आढळलें.

यावर पूर्वपक्ष असा कीं, अशा हालचाली औषधांपूर्वींही वेड्यांत दिसत. क्रेपेलिननें त्यांचें वर्णन केलेलें आहे. हा आक्षेप पोकळ नव्हे. १९९६ मध्यें मॅक्रिडी, थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या देशांतील, पूर्वीं कधींही औषध न घेतलेल्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं बऱ्याच जणांत अनैच्छिक हालचाली आढळल्या. तथापि रोगानें कांहीं हालचाली होतात यावरून औषधानें होत नाहींत असें ठरत नाहीं. मात्रेबरोबर बदलणारें आकुंचित अक्षर, औषध थांबतांच उघड होणारी चाळवाचाळव, आणि दोन भिन्न द्रव्यांपासून उपजलेला एकच कंप, हीं तीन प्रमाणें एकत्र घेतलीं असतां औषधाचें कर्तृत्व नाकारतां येत नाहीं. दोघांचाही वांटा आहे, असा निर्णय द्यावा लागतो.

हासेच्या मतासही उशिरां आधार मिळाला. जिवंत माणसाच्या मेंदूंतील ग्रहणस्थानें मोजण्याची युक्ति साधल्यावर स्वीडनचे लार्स फार्डे व त्यांचे सहकारी यांस दिसलें कीं, शेंकडा सुमारें ६५ ते ७० स्थानें अडलीं कीं गुण येतो व ८० च्या सुमारास अंग ताठूं लागतें. दोहोंमधील पट्टा अरुंद आहे. हासेनें तो कागद व लेखणी यांच्या साह्यानें हुडकला होता.

या कथेचा शेवट चमत्कारिक आहे. रिसर्पीनसारखें कार्य करणारें, पण रचनेनें सोपें, असें टेट्राबेनाझीन हें द्रव्य १९५० नंतरच्या दशकांत बाझललाच तयार झालें होतें. त्याच्या वंशांतील व्हॅल्बेनाझीन व ड्यूटेट्राबेनाझीन या दोन औषधांस २०१७ मध्यें अमेरिकेंत उशिरा उमटणाऱ्या विकारावर मान्यता मिळाली. डोपामिन कोठारांत भरणारें जें द्वार सर्पगंधेचें तत्त्व कायमचें बंद करतें, तेंच हीं औषधें मोजून-मापून व तात्पुरतें आवळतात. ज्या मार्गानें कंप आला, त्याच मार्गानें चाळवाचाळवीवर उतारा आला. भेद मात्रेचा व काळाचा.

माझ्या चुलत्यांच्या दप्तराची हकीकत अपुरी राहिली आहे. १९८३ मध्यें त्यांचें औषध बंद झालें व महिन्या-दोन महिन्यांत त्यांचें तोंड एकसारखें हलूं लागलें. गांवांत म्हणत, आजोबा जप करतात. लोक वांकून नमस्कार करीत. घरच्यांसही त्यांत समाधान वाटे. चुलत्यांनीं स्वतः १९८४ च्या एका कार्डांत वडिलांस लिहिलें आहे कीं, मी जप करीत नाहीं, तोंड आपोआप हलतें, डॉक्टरांस विचारावें. त्या कार्डावर वडिलांच्या हातची ‘पोंचलें’ एवढीच नोंद आहे. विचारलें कोणीच नाहीं. अस्सल कागद घरांत असून घरच्यांनीं बखरीवर विश्वास ठेविला. ते १९९१ मध्यें वारले. तें कार्ड मीं नीट वाचलें तें त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं.

म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. पहिली, अलीकडील पत्रव्यवहार जतन करितांना त्याबरोबरच्या औषधाच्या चिठ्ठ्या व मात्रांच्या नोंदी रद्दी समजून टाकूं नयेत. अक्षराचा बदल उलगडण्यास तोच आधार असतो. दुसरी, ज्यांचे घरीं असें माणूस आज हयात आहे, त्यांनीं हा लेख वाचून औषध आपल्या मतानें थांबवूं नये. थांबविण्यानेंच विकार उघड होतो व मूळ रोगही उलटतो, हें वर दाखविलेंच आहे. परंतु अक्षर लहान झालें, पाय स्थिर राहीनात, ओठ हलूं लागले, तर तें तारखेसह लिहून ठेवावें व वैद्यास दाखवावें. रोगी स्वतः कांहीं लिहीत असेल तर तें प्रथम वाचावें.

लेखांत कांहीं प्रमाद असल्यास विद्वानांनीं दाखवावेत. ते साभार सुधारले जातील.